फुकट मिळालेला सूक्ष्मदर्शक

काही वर्षांपूर्वी शाळांसाठी उपकरणे बनवणाऱ्या एका कारखानदाराने माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शक पाठवला. तो वापरून पाहावा आणि चार ओळींचा अभिप्राय द्यावा, अशी विनंती होती. सूक्ष्मदर्शक परत करायचा नव्हता. मी तो आठवडाभर वापरला. प्रतिमा स्वच्छ दिसत होती. नळी वरखाली करणारा मोठा स्क्रू मात्र सैल होता. हात सोडला की नळी हळूहळू खाली सरके. अभिप्रायात मी लिहिले, ‘थोडी सवय झाली की हाताळायला सोपा.’

पुढे एका शिक्षिका भेटल्या. माझा अभिप्राय वाचून त्यांच्या शाळेने तसे चार सूक्ष्मदर्शक घेतले होते आणि पहिल्याच सत्रात मुलांच्या हातून सहा काचपट्ट्या फुटल्या होत्या. “सर, तुम्हांला ते दिसलं नव्हतं का?” त्यांनी विचारले. दिसले होते. पण हाच दोष मी पदरचे पैसे मोजून घेतलेल्या उपकरणात चालवून घेतला नसता.

मला कोणी खोटे लिहायला सांगितले नव्हते. मी खोटे लिहिले, असेही मला तेव्हा वाटले नाही. परीक्षकाच्या हितसंबंधांचा प्रश्न अवघड होतो तो इथेच. लाच ओळखता येते. सौम्य झालेली फूटपट्टी ज्याची त्यालाही ओळखू येत नाही.

याचे विज्ञानाच्या इतिहासातील एक गाजलेले उदाहरण पाहू. आहार आणि हृदयरोग यांवरील एक समीक्षालेख १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. लेखक होते हार्वर्ड विद्यापीठातील मॅकगँडी, हेगस्टेड आणि स्टेअर हे नामवंत पोषणशास्त्रज्ञ. हृदयरोग टाळायचा तर आहारातील कोलेस्टेरॉल कमी करावे आणि संपृक्त स्निग्ध पदार्थांऐवजी असंपृक्त वापरावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. साखरेवरचा संशय त्यांनी जवळजवळ बाजूला सारला.

२०१६ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जुना पत्रव्यवहार तपासून या लेखाची दुसरी बाजू प्रसिद्ध केली. तो लेख साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने लिहवून घेतला होता. त्यासाठी ६,५०० डॉलर दिले होते. फाउंडेशनला मसुदेही वाचायला मिळाले होते. छापील लेखात यातल्या कशाचाही उल्लेख नव्हता. या संशोधकांचा मुख्य आक्षेप पैशांपेक्षा मोजमापावर आहे. साखरेला दोषी ठरवणाऱ्या अभ्यासांतील उणिवा लेखकांनी बारकाईने काढल्या. स्निग्ध पदार्थांवरील अभ्यासांतील तशाच उणिवांकडे मात्र काणाडोळा केला. माझ्या सैल स्क्रूची जातकुळी हीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दोन अभ्यासकांनी या निष्कर्षाला हरकत घेतली. त्या काळी उद्योगांकडून पैसे घेणे ही सर्रास रीत होती, ते जाहीर करण्याचा दंडक नव्हता आणि या शास्त्रज्ञांचे मत आधीपासूनच तसे होते, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य केले तरी प्रश्न मिटत नाही. कोणाचे मत विकत घेण्याची गरजच नसते. ज्याचे मत सोयीचे आहे असा माणूस निवडला, त्याला वेळ आणि पैसा पुरवला, की काम होते. परीक्षक प्रामाणिक राहतो आणि वाचकाची दिशाभूल तरीही होते.

हा केवळ तर्क नव्हे. बार्न्स आणि बेरो यांनी १९९८ साली, इतरांनी ओढलेल्या तंबाखूच्या धुराचा अपाय होतो का, या विषयावरील १०६ समीक्षालेख तपासले. तंबाखू उद्योगाशी संबंध असलेल्या लेखकांच्या ३१ लेखांपैकी २९ लेख ‘अपाय नाही’ असे सांगत होते. बाकीच्या ७५ पैकी तसे सांगणारे फक्त १० होते. लेखाचा दर्जा, विषय किंवा प्रकाशनाचे वर्ष यांनी या फरकाचा उलगडा होत नव्हता. लेखकाच्या संबंधांनीच होत होता.

मग संबंध जाहीर केले की झाले का? आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेले आपले संबंध उघड करायचे असतात. हे आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. केन, लोवेनस्टाइन आणि मूर यांनी २००५ साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत नाणी ठेवली. काही जणांनी ती लांबून पाहून रकमेचा अंदाज करायचा. सल्लागारांनी जवळून पाहून त्यांना सल्ला द्यायचा. अंदाज जितका चढा, तितका सल्लागाराचा फायदा. हा स्वार्थ जाहीर केल्यावर सल्लागारांनी रक्कम आणखी फुगवून सांगितली. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून काही वजा केले, पण पुरेसे नाही. ‘मी सांगून टाकले आहे’ या समाधानाने सल्लागाराची भीड चेपली असावी.

म्हणून अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे संबंधच न ठेवणे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही संस्था वस्तू दुकानातून स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन तपासू लागली आणि आपल्या मासिकात तिने जाहिराती घेतल्या नाहीत.

शिक्षकांना हे सांगण्याचे कारण आहे. जूनमध्ये शिक्षकखोलीत गाइडांच्या आणि प्रश्नसंचांच्या नमुना प्रती येतात, सोबत एखादी डायरीही येते. मग वर्गात साठ मुले विचारतात, “बाई, कुठलं गाइड घेऊ?” त्या क्षणी आपण परीक्षक असतो, आणि पैसे मोजणारे असतात पालक.

तीन गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत. कसोट्या आधी कागदावर लिहाव्यात, मग पुस्तक उघडावे. एकाच कसोटीने निदान दोन पुस्तके तपासावीत. त्यातले एक फुकट न आलेले असावे. आणि जे फुकट आले ते तसे सांगावे.

त्या शिक्षिकेला मी नवा अभिप्राय लिहून पाठवला आणि सूक्ष्मदर्शक कारखानदाराला परत केला. फुटलेल्या काचपट्ट्यांचे पैसे शाळेने घेतले नाहीत.