पहिली पंगत कोणाची?

दिवाळीत घरी पाहुणे आले की पहिली पंगत त्यांची असते. आणि जिने पहाटेपासून शेगडीपुढे बसून करंज्या तळलेल्या असतात ती घरची बाई शेवटच्या पंगतीला उरलेसुरले घेऊन बसते. या रीतीबद्दल आपण फारशी कुरकुर करीत नाही. (करायला हवी, पण तो आजचा विषय नव्हे.) गेल्या काही वर्षांत मात्र आपले चांगले मराठी चित्रपटही याच रीतीने वाढले जात आहेत, आणि तेथे कुरकुर करावी असे मला फार वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार असे दोन्ही मान त्याने मिळवले. आपल्या चित्रगृहांत तो लागला २०१५ च्या एप्रिलात. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२५ च्या जानेवारीत परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आपल्याकडे तो आला सप्टेंबरात. याउलट दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पाहा. १९३६ साली तो आपल्या माणसांनी डोक्यावर घेतला, आणि मग १९३७ साली व्हेनिसने त्याचा गौरव केला. म्हणजे क्रम सबंध उलटला आहे. पूर्वी गावजेवण झाल्यावर पाहुण्यांना ताट जाई. आता पाहुण्यांनी ढेकर दिल्यावर गावाला आमंत्रण येते.

हे का घडते? पहिले उत्तर महोत्सवांच्या नियमांत सापडते. स्वतंत्रपणे, म्हणजे कोणा मोठ्या निर्मात्याच्या आधाराविना, चित्रपट करणाऱ्याने तो तयार झाला की इंग्रजी उपशीर्षके चढवायची, प्रवेशशुल्क भरायचे, अर्ज करायचा आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. व्हेनिसच्या स्पर्धेत चित्रपट कोराच हवा. त्याआधी तो जगात कुठेही जाहीरपणे दाखवलेला चालत नाही. साहजिकच ज्या गावात चित्रण झाले त्या गावाच्या देवळापुढे पडदा लावून तो दाखवण्याची सोय उरत नाही. आणि एवढे सोवळे पाळूनही निवड होईलच याची शाश्वती कोण देणार? २०२५ च्या सनडान्ससाठी पूर्ण लांबीचे चार हजारांहून अधिक चित्रपट आले होते. त्यांतून घेतले गेले ते शंभराच्या आत. बाकीच्यांच्या वाट्याला येते ते एक विनम्र नकारपत्र.

परंतु सगळा दोष परदेशी नियमांच्या माथी मारणे हे सोयीचे आहे, खरे नाही. कान महोत्सवाला चित्रपट मायदेशी आधी प्रदर्शित झालेला चालतो. स्पेनच्या आल्मोदोवार यांचा ‘पेन अँड ग्लोरी’ २०१९ च्या मार्चमध्ये स्पेनमधील प्रेक्षकांनी तिकिटे काढून पाहिला आणि मे महिन्यात तो कानच्या स्पर्धेत उतरला. तेथे त्याच्या नायकाला अभिनयाचे पारितोषिकही मिळाले. म्हणजे घरच्यांना आधी वाढूनही पाहुणे रुसत नाहीत. आपला नवा दिग्दर्शक असे करू शकत नाही, कारण परदेशी मोहोर उमटल्यावाचून त्याला इथे चित्रगृहच मिळत नाही. मिळाले तर दुपारी साडेबाराचा एक खेळ, तोही आठवडाभर. ‘साबर बोंडं’ ही दोन पुरुषांमधील प्रेमाची कथा आहे, तीही वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या आनंदाची आणि शेतात राबणाऱ्या बाळ्याची. सनडान्सचे नाव पाठीशी नसते तर कोणत्या वितरकाने तिला हात लावला असता? तेव्हा दाराशी पाहुण्याला उभे करून ठेवणारे आपणच आहोत. त्याने चाखून ‘छान’ म्हटल्याखेरीज आपल्या जिभेवर आपलाच विश्वास बसत नाही.

आता खरा प्रश्न असा की, या वाटेने जाताना चित्रपटाची चव बदलते का? ‘महोत्सवी चित्रपट’ ही आपल्याकडे आता जवळजवळ शिवी झाली आहे. संथ गती, एका जागी रोवलेला कॅमेरा, पार्श्वसंगीत नाही, आणि सारे काही परक्याला दाखवण्यासाठी मांडलेले, असा तिचा अर्थ. ‘कोर्ट’वरही हा आरोप झाला. त्यातला कॅमेरा दूर उभा राहतो हे खरे. वकील व्होराच्या सुखवस्तू आयुष्यातली काही दृश्ये लांबली आहेत, आणि झोपलेल्या न्यायाधीशाची खोडी काढणाऱ्या मुलांचा शेवटचा प्रसंग मला जरा जास्तच बोलका वाटतो. पण या चित्रपटातली सर्वांत मोलाची गोष्ट व्हेनिसच्या प्रेक्षकापर्यंत पुरती पोहोचलीच नसणार, असे माझे मत आहे. ती गोष्ट म्हणजे भाषा.

लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटारकामगाराने आत्महत्या केली, असा खटला उभा राहतो. साक्षी मराठीत होतात. न्यायाधीश त्यांचे सार आपल्या इंग्रजीत टंकलेखकाला सांगतात. सरकारी वकील नूतनबाई कायद्याची इंग्रजी कलमे मुंज्याने संध्या म्हणावी तशी घडाघडा वाचून दाखवतात. आणि आरोपीच्या बाजूने उभा असलेला गुजराती व्होरा मराठीत कधीच पुरता रुळत नाही. माणूस बोलतो एका भाषेत आणि त्याचे भवितव्य लिहिले जाते दुसऱ्या भाषेत! पडद्याच्या तळाशी मात्र या सगळ्यासाठी एकच सपाट इंग्रजी ओळ धावत असते. ती वाचणाऱ्याला खटला कळतो. पण भाषांच्या या उतरंडीत कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे त्याला कसे ऐकू यावे? ते आपल्याला ऐकू येते. मी हा चित्रपट पाहिला तेव्हा चित्रगृहात पंधरा-वीसच माणसे होती. पण बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचा खटला पुढे ढकलला जातो तेव्हा ती हसली, आणि मृत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहिली तेव्हा सगळी चिडीचूप झाली.

‘साबर बोंडं’चेही तसेच. परदेशी प्रेक्षकाला ते निवडुंगाचे एक तांबडे फळ. कुसळे पुसून काढून, बोटे लाल करीत ज्याने ते लहानपणी खाल्ले आहे, त्याला कोणी आपल्यासाठी ते वेचून आणणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सुतकाचे दहा दिवस, त्यांतले नियम, आणि त्या नियमांआडून लग्नाचा विषय काढणारे नातेवाईक हे तर आपण घरोघरी भोगलेले आहे. हे चित्रपट परक्यांसाठी केलेले आहेत असे म्हणणाऱ्यांनी ते नीट पाहिलेले नाहीत. ते आपल्यासाठीच केलेले आहेत, फक्त आपल्याला ते शेवटी वाढले गेले.

सुटीत ‘कोर्ट’ हाती लागला तर घरच्या सर्वांसह पाहा. उपशीर्षके बंद करता आली तर अवश्य बंद करा, आणि साक्षीदाराचे बोलणे संपल्यावर न्यायाधीश टंकलेखकाला काय सांगतात तिकडे कान द्या.