‘कॅन्डीड’ का पडलं?

आज एका पडलेल्या नाटकाबद्दल बोलायचं आहे. नाटकं रोज पडतात, त्यात विशेष काही नाही. पण हे ज्यांनी उभं केलं त्यांची नावं ऐका. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन यांचं. संहिता लिलियन हेलमन यांची, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकन रंगभूमीवरच्या बड्या नाटककार. गाण्यांचे शब्द मुख्यतः रिचर्ड विल्बर या कवीचे, शिवाय जॉन लाटूश आणि डोरोथी पार्कर यांचाही हात लागलेला. दिग्दर्शक टायरोन गथ्री. आणि मूळ गोष्ट साक्षात व्हॉल्तेरची. १ डिसेंबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्टिन बेक थिएटरात ‘कॅन्डीड’चा पहिला प्रयोग झाला, आणि ७३ प्रयोगांनंतर पडदा पडला तो पडलाच.

७३ हा आकडा आपल्याला तसा बरा वाटेल. पण ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग होतात. म्हणजे हे जेमतेम नऊ आठवडे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेलं ‘माय फेअर लेडी’ २७१७ प्रयोग चाललं.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात की नाटक काळाच्या पुढे होतं, प्रेक्षक तयार नव्हता. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटतं. नाटक पडलं की प्रेक्षकाला अडाणी ठरवायचं, यात नाटकाचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. आणि इथे ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांचं ‘थ्रीपेनी ऑपेरा’, ज्यावरून पुढे पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, ते त्याच हंगामात त्याच शहरात ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका छोट्या थिएटरात चालू होतं आणि १९६१ पर्यंत चाललं. ते काही गोड नाटक नाही. तेव्हा कडू औषध न्यूयॉर्कचा प्रेक्षक घेत नव्हता असं नाही. समीक्षकही एकजात विरोधात नव्हते. ब्रूक्स ॲटकिन्सननी स्तुती केली, वॉल्टर कर यांनी झोडपलं. मग बिनसलं कुठे?

त्यासाठी थोडं तत्त्वज्ञानाकडे जावं लागेल. घाबरू नका, थोडंच.

लायब्निझचं म्हणणं असं: ईश्वर सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे आणि चांगला आहे. त्याच्यापुढे अनंत शक्य जगं होती. त्यातलं त्याने जे निवडलं ते सर्वोत्तमच असणार. मग दुःख का? तर सुटं पाहिलं तर दुःख दिसतं, समग्र पाहिलं तर ते त्या समग्रतेच्या पूर्णतेला हातभारच लावत असतं. हे मांडणारा त्याचा ‘थिओडिसी’ हा ग्रंथ १७१० सालचा. पुढे १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना लिस्बन शहर भूकंपाने कोसळलं. भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. व्हॉल्तेर त्याने हादरला, आणि १७५९ साली ‘कॅन्डीड’ आलं.

आता या पुस्तकाची गंमत अशी की त्यात लायब्निझचं खंडन नाही. एकही युक्तिवाद नाही! (लायब्निझवर त्यात अन्यायही बराच आहे, पण तो विषय वेगळा.) पँग्लॉस नावाचा गुरू सर्वोत्तम जगाचं प्रवचन देत राहतो आणि व्हॉल्तेर एकामागून एक घटना फेकत राहतो. नायक वाड्यातून लाथ मारून हाकलला जातो, सैन्यात ओढला जातो, फटके खातो, कत्तल पाहतो, हॉलंडमध्ये भीक मागतो, आणि तिथे रोगाने सडलेला पँग्लॉस त्याला पुन्हा भेटतो. हे सगळं चार प्रकरणांत. पानापानावर माणसं मरतात, आणि मेलेली पुढच्या पानांवर जिवंत सापडतात. आपण हसतो, कारण कोणासाठी रडायला लेखक वेळच देत नाही. या पुस्तकाचा युक्तिवाद म्हणजे त्याचा वेग आहे. वेग काढा, की उरते ती आपत्तींची यादी.

रंगमंचावर नेमका वेगच गेला. वेस्टफालिया, लिस्बन, पॅरिस, ब्वेनोस आयरेस, व्हेनिस. प्रत्येक ठिकाणाला ऑलिव्हर स्मिथचे भव्य देखावे, आयरीन शराफचे पोशाख, प्रत्येक प्रसंगाला गाणं, गाण्यानंतर टाळ्या, टाळ्यांनंतर पुन्हा संवाद. व्हॉल्तेर एका वाक्यात जहाज बुडवतो. ब्रॉडवेवर जहाज बुडवायला कारखाना लागतो.

दुसरी गोष्ट हेलमनबाईंची. १९५२ साली त्यांना अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या त्या कुप्रसिद्ध चौकशी समितीपुढे बोलावलं होतं, आणि इतरांबद्दल साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला होता. व्हॉल्तेरच्या इन्क्विझिशनमध्ये त्यांना ती समिती दिसली, यात आश्चर्य नाही. त्यांचा राग खरा होता, मला त्याबद्दल आदरच आहे. पण तो राग व्हॉल्तेरचा नव्हे. रागाला आरोपी लागतो. इन्क्विझिशनमध्ये आरोपी आहे. भूकंपात कोण आरोपी? व्हॉल्तेरचा प्रश्न असा आहे की आरोपीच सापडत नसेल तेव्हा काय म्हणायचं. दुष्ट माणसांचं दुष्टपण उघडं पाडणारं नाटक हा चांगला प्रकार आहे, पण त्याला पँग्लॉसची गरज नाही. संहिता एकीकडे तळमळीने बोलत होती आणि गाणी तिच्या शेजारी मिश्कीलपणे नाचत होती. प्रेक्षकाने नेमकं कोणत्या मनाने बसायचं?

आता संगीताकडे येऊ. इथे लोक म्हणतात, संगीत उत्तम होतं, संहितेने घात केला. अर्धं खरं आहे. सुरुवातीचं वाद्यसंगीत, ती ओव्हर्चर, आज जगभरचे वाद्यवृंद वाजवतात. जेमतेम साडेचार मिनिटांत व्हॉल्तेरचा सगळा वेग तिच्यात आहे. आणि क्यूनेगोंडचं ‘ग्लिटर अँड बी गे’! मूळ प्रयोगात बार्बरा कुक यांनी ते गायलं. कोलंबियाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे, जरूर ऐका. प्रसंग असा: नायिका पॅरिसमध्ये दोन धनिकांची ठेवलेली बाई झाली आहे. आधी ती आपल्या गेलेल्या अब्रूसाठी संथ, दुःखी सुरात रडते. मग नजर दागिन्यांवर जाते, आणि ऑपेरातल्या थोर गायिकांसारख्या ताना सुरू होतात, स्वर उंच, आणखी उंच. ऐकताना कळेनासं होतं की हे हुंदके आहेत की हसू. हुंदक्याचीच तान झालेली असते. इथे विनोद शब्दांत नाही, खुद्द गाण्याच्या घडणीत आहे. सबंध नाटक असं असतं तर आज आपण वेगळ्या विषयावर बोलत असतो.

पण शेवट पाहा. पुस्तकाच्या शेवटी सगळे थकलेले, कुरूप झालेले, कंटाळलेले एका छोट्या शेतावर राहतात. पँग्लॉस अजूनही सिद्ध करतोय की जे झालं ते भल्यासाठीच. कॅन्डीड त्याला नीट उत्तरही देत नाही. बोलणं तोडतो आणि बागेत काम पडलंय याची आठवण करून देतो. झालं. खांदे उडवावेत इतकाच तो शेवट.

नाटकात याचं झालं ‘मेक अवर गार्डन ग्रो’. आधी कॅन्डीड एकटा गातो, मग क्यूनेगोंड, मग एकेक करत सगळे. एका क्षणी वाद्यवृंद गप्प होतो आणि नुसते मानवी आवाज उरतात. मग वाद्यं पुन्हा येतात आणि सगळं एका प्रचंड सुसंवादात जाऊन मिळतं. अंगावर काटा येतो. माझ्याही येतो, दर वेळी येतो. अडचण तीच आहे.

लायब्निझने १६९७च्या एका छोट्या लेखात दुःखाच्या समर्थनासाठी कोणता दाखला दिला होता माहीत आहे? संगीताचा. त्याचा आशय असा की थोर रचनाकार मुद्दाम विसंवादी स्वर मिसळतात, ऐकणाऱ्याला जरा अस्वस्थ करतात, म्हणजे पुढे सगळं सुटलं की आनंद दुणावतो. (आपल्या रागातला विवादी स्वराचा क्वचितचा स्पर्श वेगळा. इथे विसंवाद सुटणं महत्त्वाचं आहे.) युरोपीय संगीताची ती घडणच आहे: ताण निर्माण करायचा आणि शेवटी घरी परतायचं. म्हणजे व्हॉल्तेरने अडीच-तीन तास ज्याची टर उडवली, त्याच्याच बाजूने शेवटची पाच मिनिटं सबंध वाद्यवृंद साक्ष देतो! लिस्बन, फटके, कत्तली, सगळं या एका सुंदर क्षणासाठी होतं असं ते संगीत सांगतं. पँग्लॉस याहून वेगळं काय म्हणत होता? प्रेक्षकाला लायब्निझ ठाऊक नसेल, पण ज्यावर हसायला सांगितलं त्याच्यापुढेच आता डोळे पुसायला सांगताहेत, हे त्याला जाणवतं. तो गोंधळून घरी जातो आणि शेजाऱ्याला नाटक पाहायला सांगत नाही. नाटकं अशीच पडतात.

पुढे हॅरल्ड प्रिन्सने हे पुन्हा उभं केलं, आधी ब्रुकलिनमध्ये आणि मग १९७४ला ब्रॉडवेवर. हेलमनबाईंनी आपली संहिता वापरू दिली नाही, म्हणून ह्यू व्हीलरने नवी लिहिली. मध्यंतर काढून टाकलं, वाद्यवृंद लहान केला, थिएटर मोडून प्रेक्षकांच्या मधेमधे छोटे मंच उभारले, जत्रेसारखे. आणि गोष्ट सांगायला खुद्द व्हॉल्तेरला आणून उभं केलं. तोच नट पँग्लॉसही व्हायचा. निवेदक आला की जहाज पुन्हा एका वाक्यात बुडू लागतं. ७४० प्रयोग झाले. बर्नस्टाइनच्या संगीताचा बराच भाग मात्र त्यात कापला गेला, आणि हे संगीत पूर्ण रूपात ऐकायला मिळावं अशी इच्छा असणाऱ्यांना ते आवडलं नाही. १९८९च्या डिसेंबरात लंडनमध्ये बर्नस्टाइननी स्वतः ते विस्तृत रूपात वाजवून घेतलं, तेही नाटक म्हणून नव्हे, मैफल म्हणून, मधे निवेदन ठेवून.

संहिता बदलल्या, शब्द बदलले, गाणी इकडची तिकडे गेली. शेवटचं गाणं मात्र यांपैकी कोणीही काढलं नाही.

आता प्रश्न घेऊ या.