जांभूळ आख्यान : न खाल्लेल्या फळाची कथा

लोककथेतील फळाचा विषय निघाला की आपल्या समीक्षेत ‘मोह’ हा शब्द पाठोपाठ येतो. ही सवय एदेन बागेतील सफरचंदाने लावली आहे. वास्तविक बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या हिब्रू संहितेत सफरचंद नाहीच, तेथे केवळ ‘फळ’ असा निर्देश आहे. लॅटिन भाषेत ‘सफरचंद’ आणि ‘अनिष्ट’ या अर्थांचे शब्द एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने पुढे हे नाव रूढ होण्यास मदत झाली, असे मानले जाते. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) या महाकाव्यात तर सैतानाच्याच तोंडी सफरचंदाचा उल्लेख येतो.

हाच साचा मराठी लोकपरंपरेतील जांभूळ आख्यानाला लावला, तर द्रौपदी ही केवळ मोहात सापडलेली स्त्री ठरते आणि कथेचा गाभा हातचा निसटतो.

कथा सर्वश्रुत आहे. वनात एका ऋषीच्या आहाराचे जांभूळ झाडावरून तोडले जाते. ते कोणी तोडले, याबाबत निरनिराळ्या कथनांत भेद आढळतो. ऋषीचा कोप टाळायचा, तर फळ पुन्हा देठाला लागले पाहिजे. आणि त्यासाठी प्रत्येकाने मनातले सत्य बोलावे, असा उपाय कृष्ण सुचवतो. कर्णाविषयीची अभिलाषा द्रौपदी कबूल करते, तेव्हाच जांभूळ झाडाला लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत हा प्रसंग नाही. मात्र सतराव्या शतकातील काशीराम दासांच्या बंगाली महाभारतात तो आहे. तेथे फळ आंब्याचे आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की हे फळ कोणी खातच नाही. एदेनचे फळ खाल्ले जाते आणि त्यानंतर परतीची वाट उरत नाही. जांभूळ मात्र परत जाते. इच्छा नाकारल्याने नव्हे, तर उच्चारल्याने झालेली मोडतोड दुरुस्त होते. सीतेच्या अग्निपरीक्षेशी तुलना केली असता हा फरक अधिक ठळक होतो. अग्नीला निष्कलंकतेचा पुरावा हवा असतो; जांभळाला कबुली पुरते.

मराठी मनाने या कथेसाठी जांभूळच का ठेवले असावे? आंब्याला मालक असतो, राखण असते; रानातले जांभूळ बहुधा बिनमालकीचे. शिवाय ते खाल्ल्याचे लपवता येत नाही, जीभ जांभळी होते. चव गोड, पण तुरटपणा मागे रेंगाळतो. पतिव्रतेच्या मनातील परपुरुषाच्या आठवणीला याहून समर्पक फळ सापडणे कठीण.

तरीही आख्यानाला सरसकट स्त्रीमुक्तीची कथा म्हणणे घाईचे ठरेल. पांडवांच्या कबुलीने त्यांचे फारसे काही बिघडत नाही. सर्वस्व पणाला लागते ते द्रौपदीचे, आणि तेही पाच पतींच्या समोर. उपाय सुचवणारा पुरुष, ऐकणारे पुरुष. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी हे आख्यान रंगमंचावर गाजवले. त्यात द्रौपदी साकारणाराही पुरुषच होता. एकच शाहीर कृष्णाचा मिस्कीलपणा आणि द्रौपदीची लज्जा पाठोपाठ उभी करतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. हे हसू कबुलीला सोसवणारे करते, की तिची धार बोथट करते, हे केवळ छापील संहितेवरून ठरवता येत नाही. आपल्याकडील लोकसाहित्याचा अभ्यास मात्र बहुतांशी कथानकाच्या गोषवाऱ्यावर थांबतो. शाहीर कोठे थांबला, कर्णाचे नाव घेण्यापूर्वी त्याने किती वेळ घेतला, याची नोंद अभ्यासकांच्या वह्यांत क्वचितच आढळते.