घरच्या लेकीने लिहिलेला इतिहास

सिल्व्हिया पँकहर्स्ट यांचा 'द सफ्रजेट मूव्हमेंट' हा ग्रंथ १९३१ साली निघाला. इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याविषयी लिहिणारे पुढे वारंवार त्याच्याकडेच वळले; जॉर्ज डेंजरफील्डनेही १९३५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्याचाच आधार घेतला. मला मात्र हा ग्रंथ इतिहास म्हणून जितका खटकतो, तितकाच आत्मकथन म्हणून आवडतो.

आई एमेलीन यांनी १९०३ मध्ये मँचेस्टरला संघटना काढली. थोरली ख्रिस्ताबेल त्यांची लाडकी; सिल्व्हियाबाई तिच्या पाठची. जानेवारी १९१४ मधला पॅरिसचा प्रसंग वाचावा. तुरुंगातल्या उपोषणांनी खंगलेली धाकटी समोर बसली आहे, आई तेथेच आहे, आणि मांडीवर चिमुकले कुत्रे घेतलेली ख्रिस्ताबेल सांगते आहे की, लंडनच्या ईस्ट एंडमधील मजूर बायकांची तुझी शाखा आता आमच्यात नको. प्रसंग मनातून जात नाही. पण ते कुत्रे तेथे उगाच आलेले नाही! सतरा वर्षांनी लिहिताना बाईंना ते नेमके आठवते, आणि वाचकाचा निकाल तेथेच लागून जातो. ख्रिस्ताबेलचे 'अनशॅकल्ड' बाहेर पडले ते १९५९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. तोवर फार उशीर झाला होता.

मिलिसेंट फॉसेट यांच्यासारख्यांनी अर्ज, सभा आणि संसदेतल्या गाठीभेटी यांतून वर्षानुवर्षे जे कंटाळवाणे काम रेटले, त्याला येथे न्याय मिळत नाही. संयमाचे आकर्षण लेखिकेला नाही, एवढेच म्हणू.

तुरुंगाची प्रकरणे मात्र निराळी. बाई मुळात चित्रकार. जबरदस्तीने नळीवाटे अन्न घालण्याचे त्यांचे वर्णन आक्रोश करीत नाही, पाहत राहते. १९१३ च्या 'मांजर-उंदीर' कायद्याने उपोषणाने खालावलेल्या कैद्याला सोडायचे आणि सावरताच पुन्हा पकडायचे. तो खेळ त्या स्वतःच्या देहावरून सांगतात.

आणि ईस्ट एंडच्या बायका! १९१८ च्या कायद्याने मत दिले ते तीस वर्षांवरील, आणि स्वतः किंवा नवरा घर-जागेच्या अटीत बसेल अशा स्त्रियांना. विशीतल्या कारखान्यातल्या पोरी वगळल्या गेल्या. पुरुषांच्या बरोबरीचे मत आले ते २ जुलै १९२८ रोजी. आई त्याआधी अठरा दिवस, १४ जूनला, वारल्या होत्या.