माळावरचं खंडग्रास

25 ऑक्टोबर 2022 चं सूर्यग्रहण तसं किरकोळच. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्र, आणि मधला मोकळा दिवस या ग्रहणाने अडवलेला. आपल्याकडे ते ग्रस्तास्त होतं. पाचच्या जरा आधी लागलं आणि सुटायच्या आत सूर्यच मावळला. झाकला गेला तो जेमतेम पाव भाग. एवढ्यासाठी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर जायचं? मला विचाराल तर तिथेच जायचं. माळ आणि खंडग्रास यांची गोडी एकाच जातीची आहे. वरवर पाहणाऱ्याला दोन्हीकडे काही घडताना दिसत नाही.

वनविभागाची गवताळ सफारी या भागात पुढे आली. ग्रहणाच्या त्या दिवशी आम्हाला माळ दाखवायला होता तो गावातलाच, मेंढरांमागे वाढलेला एक तरुण. त्याची पहिली खुबी अशी की सुरुवातीला त्याने एकही प्राणी दाखवला नाही. उकिडवा बसला, कुसळीचं एक पिकलेलं कुसळ उपटून तळहातावर ठेवलं आणि त्यावर थुंकी लावली. कुसळ हललं. पीळ सुटत सुटत त्याचं लांब शेपूट हातावर गोल फिरायला लागलं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून टोकदार बी जमिनीत रुतत जातं. आमच्या पायमोज्यांतही ते याच हिकमतीने घुसलं होतं. जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या या पट्ट्यात पेरणी कुणी करायची, तर गवतानेच. बसून पाहिल्यावर मग मारवेल वेगळं दिसायला लागलं, पवन्या वेगळा. उभ्याने हे सगळं नुसतं पिवळं होतं.

ग्रहणाचा भागही त्याने असाच हाताशी आणला. झाडाखाली पानांच्या फटींतून ग्रहणाच्या कोरी जमिनीवर पडतात, हे शहरातही पाहायला मिळतं. पण माळावर तशी दाट सावली कुठली? लांब लांब एखादं हिवर, एखादी बोर. म्हणून पठ्ठ्याने घरून जोंधळे चाळायची पत्र्याची चाळण आणलेली. वेधांच्या दिवशी चाळण घराबाहेर काढली म्हणून बोलणी खाल्ली असणार, पण ते त्याने सांगितलं नाही. आमच्यातल्या एकाला पाठमोरा उभा केला आणि मावळतीकडे चाळण धरली. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर डझनावारी सूर्य उमटले, एकूण एक उजव्या बाजूला कुरतडलेले. ग्रहणाच्या चष्म्यातून पाहिलं तर आकाशातल्या सूर्याचीही उजवीच बाजू खाल्लेली. प्रत्येक भोक चित्र उलटं करतं, पण सूर्याकडे पाठ करून पाहिलं की वरचं खाली जातं आणि डावं-उजवं तसंच राहतं, एवढीच यातली गोम. पण तो माणूस श्वास घेई तेव्हा सदऱ्यावरचे सगळे सूर्य हलत होते, आणि त्यापुढे चष्मा मला फिका वाटला.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि ती आमच्या बाजूची. साडेपाचनंतर गवतावरून भोवत्या आले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हे सडपातळ शिकारी पक्षी. पंख वर धरून अगदी खालून घिरट्या घालायचे आणि एकेक करून गवतात उतरायचे. लगेच आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, बघा, ग्रहणामुळे रात्र झाली वाटून बसले! वाटाड्याने मान हलवली. "गिऱ्हाण असू दे नायतर नसू दे, ही रोज याच टायमाला बसत्यात." वा! जाणकाराची खरी परीक्षा अशा ठिकाणी असते. नाट्य आयतं चालून आलं होतं आणि त्याने ते नाकारलं. पाव भाग झाकल्याने उजेडात डोळ्याला कळेल असा फरक पडतच नाही; खग्रासातल्या पाखरांच्या गोष्टी खग्रासालाच शोभतात.

लांडगा दिसला नाही. वाटेत वाळलेली विष्ठा दिसली, तिच्यात मेंढीची लोकर. त्या लोकरीकडे पाहताना वाटाड्याचा चेहरा काही फार प्रसन्न नव्हता, आणि ते साहजिक आहे. इथल्या लांडग्याचं पोट बऱ्याच अंशी धनगरांच्या कळपांवर चालतं. तरी त्या रागाला वैराची धार नव्हती. मेंढरं आणि लांडगा एकाच गवतावर कितीतरी काळ नांदताहेत.

ग्रहणात आपण पाण्यात, लोणच्याच्या बरणीत दर्भाची काडी टाकतो. गवताला भाव यायची वेळ ती तेवढीच. एरवी अशा माळाची नोंद पडीक, मग त्यावर चर खणायचे, झाडं लावायची आणि हिरवं केलं म्हणून फोटो काढायचे. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी 1997 साली झालेलं. क्षेत्रफळ अवघं 5.14 चौरस किलोमीटर. बाकीचा माळ ऊस, कारखाने आणि प्लॉट यांच्या तोंडी आहे.

आता 2 ऑगस्ट 2027 ला पुन्हा खंडग्रास आहे, आषाढातल्या दिव्याच्या अवसेला. ढग असण्याचीच शक्यता जास्त. पण गवत तेव्हा कोवळं असेल, कुसळं धरलेली नसतील, पायमोजे वाचतील. चाळण मात्र घरून न्यावी.