बँक लोकांची, पण लगाम कुणाच्या हाती? नॉर्थ डकोटाचा धडा

बड्या कंपन्यांच्या सत्तेला स्थानिक पर्याय काय, असा प्रश्न निघाला की अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचं नाव हमखास पुढे येतं. वस्ती जेमतेम आठ लाखांच्या आसपास. पण पन्नास राज्यांत राज्य सरकारच्या मालकीची अशी बँक फक्त तिथे आहे. हे उदाहरण आम्हालाही मोलाचं वाटतं. मात्र ते ज्या भाबडेपणाने सांगितलं जातं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी इतिहास पाहू. गहू पिकवणारा शेतकरी, पण गव्हाची प्रत ठरवणार मिनियापोलिसचे धान्य-व्यापारी, भाडं ठरवणार रेल्वे आणि व्याज ठरवणार बाहेरच्या बँका. या चिडीतून १९१५ मध्ये ‘नॉनपार्टिझन लीग’ ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिचा उमेदवार गव्हर्नर झाला. १९१९ मध्ये बँक उघडली, भांडवल २० लाख डॉलर. १९२२ मध्ये सरकारी पीठगिरणी सुरू झाली. बँक आणि गिरणी, दोन्ही आजही चालू आहेत.

ही बँक चालते कशी, तेही बघा. राज्याचा महसूल तिच्याकडे ठेव म्हणून येतो. गावोगावच्या छोट्या बँकांशी ती स्पर्धा करत नाही, उलट त्यांच्या कर्जात आपला वाटा घालते. त्यामुळे गावचा पैसा बराचसा गावातच फिरतो.

आता दुसरी बाजू. ही बँक चालवतं कोण? ‘इंडस्ट्रियल कमिशन’. त्यात तीनच माणसं: गव्हर्नर, अॅटर्नी जनरल आणि कृषी आयुक्त. आणि तेल-वायूच्या विहिरींवर नियंत्रण कुणाचं? त्याच कमिशनचं! बाकेनच्या खडकातून तेलाचा पूर आला, तेव्हा राज्याच्या तिजोरीचं हित आणि तेल कंपन्यांचं हित एकमेकांत गुंतलं. २०१६ मध्ये स्टँडिंग रॉकच्या सू लोकांनी आपल्या पाण्यासाठी डकोटा अॅक्सेस पाइपलाइनला विरोध केला. त्या आंदोलनावरच्या पोलीस बंदोबस्तासाठी राज्याने कर्ज घेतलं ते याच बँकेकडून. म्हणजे कंपन्यांविरुद्ध उभी राहिलेली संस्था एका कंपनीच्या वाटेतला अडथळा दूर करायला कामी आली. ती विकली गेली नव्हती की खासगीही झाली नव्हती. मालकी जशीच्या तशी होती.

मग पर्याय फसला का? तसंही नाही. त्याच राज्यात औषध दुकानाची बहुसंख्य मालकी फार्मासिस्टकडेच हवी, असा १९६३चा कायदा आहे. तो मोडण्यासाठी वॉलमार्टने पैसा ओतला, तरी २०१४ च्या मतदानात सुमारे ५९ टक्के लोकांनी नकार दिला. शेतीत कंपन्यांना मज्जाव करणारा कायदा १९३२ चा. विधिमंडळाने दुग्धव्यवसाय आणि वराहपालनासाठी तो सैल केला. २०१६ मध्ये लोकांनी सह्या गोळा करून सार्वमत घेतलं आणि चारात तिघांनी ती सूट रद्द केली. पण २०२३ मध्ये विधिमंडळाने पशुपालनासाठी पुन्हा दार किलकिलं केलंच.

यातून आम्ही एवढंच म्हणतो: ‘सरकारी’, ‘सहकारी’, ‘स्थानिक’ हे शब्द पाटीवर लिहिले म्हणजे काम संपत नाही. जिथे निर्णय थेट लोकांपुढे आला, तिथे कंपनीचा पैसा हरला. जिथे तो मोजक्या लोकांच्या खोलीत झाला, तिथे लोकांची बँकसुद्धा लोकांच्या एका गटाविरुद्ध वापरता आली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी एखादा आदर्श पर्याय दाखवला, तर मालक कोण एवढंच विचारून थांबू नका. चुकीचा निर्णय उलटवायचा अधिकार कुणाला आहे, आणि ज्यांना त्याची झळ बसते ते त्या खोलीत आहेत का, हेही विचारा.