वारीच्या सामानाची यादी : एक विचार

ज्येष्ठ महिना लागला की दिंड्यांची सूचनापत्रके वारकऱ्यांच्या हाती येऊ लागतात. प्रस्थान केव्हा, भिशी किती, तंबूची सोय कशी, आणि शेवटी ‘सोबत आणावयाचे साहित्य’ अशी एक यादी. आता त्यात मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांचीही भर पडली आहे. माउली, या याद्या सद्भावनेने केलेल्या असतात यात शंका नाही. परंतु नवा वारकरी त्या शास्त्रवचन मानून बाजारात जातो, म्हणून त्यांची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

पहिला दोष असा की या याद्या सामानाची एकच रास करतात. पथारी, औषध, छत्री, बॅटरी, सुकामेवा, फुगवायची गादी, सगळे एका ओळीत. वास्तविक वारीत सामान दोन ठिकाणी असते : एक अंगावर, एक गाडीत. पहाटे तंबू उतरले की सामानाची गाडी वेगळ्या वेळी, पुष्कळदा वेगळ्या रस्त्याने पुढच्या मुक्कामाला जाते. ती पुन्हा भेटते संध्याकाळी. पुणे ते सासवड ही मजल तीस किलोमीटरच्या वर, मध्ये दिवे घाट. तेथे पावसाची सर आली, किंवा दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली, तर गाडीतल्या पिशवीचा काय उपयोग? तेव्हा यादी करायची तर दोन करावी. पाणी, औषध, पावसाचा कागद, पंचा, थोडा गूळ-शेंगदाणा हे अंगावरच्या पडशीत. पथारी, पांघरूण, कोरड्या कपड्यांचा जोड हे गाडीत.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गाडीत टाकले म्हणजे ओझे संपले, असे या याद्या गृहीत धरतात. समजा, दिंडीत दोनशे वारकरी आहेत आणि प्रत्येकाने पाच किलो सामान जास्त आणले. ते एक टन होते. हा एक टन रोज पहाटे चिखलातून गाडीत चढतो आणि दुपारी उतरतो. तो वाहणारी पोरेही वारकरीच आहेत. त्यांच्या वाट्याला टाळ येत नाही, हरिपाठही धड येत नाही. ज्ञानेश्वरीच्या १३व्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानोबारायांनी साधकाने पाऊल किती जपून टाकावे याचा केवढा विस्तार केला आहे! जेथे पावलाचा भार जिवाजंतूला होऊ नये अशी काळजी, तेथे आपल्या घडीच्या खुर्चीचा भार दुसऱ्याच्या पाठीवर कसा चालेल?

येथे दुसरी बाजू पुढे येते. काही मंडळी म्हणतात, ‘यादी कशाला हवी? पूर्वीचे वारकरी काही नेत नसत. योगक्षेम देव वाहतो.’ ऐकायला हे गोड वाटते, पण दोन्ही अंगांनी लंगडे आहे. हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले, त्या वेळी अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व दिले, तंबू दिले, नैवेद्याची व्यवस्था केली. म्हणजे सामान तेव्हाही होते. ते वाहणारे हातही होते. आणि योगक्षेमाचे वचन गीतेच्या नवव्या अध्यायात आहे ते अनन्य चिंतन करणाऱ्यासाठी. रक्तदाबाची गोळी घरी ठेवून लोणंदला शेजाऱ्याच्या पिशवीकडे पाहणाऱ्यासाठी ते नाही. अशा माणसाला भोवळ आली तर चार जण थांबतात, दिंडीची चाल मोडते. नेण्याचा हव्यास जसा दुसऱ्यावर ओझे टाकतो, तसा न नेण्याचा अभिमानही टाकतो.

मग निर्णय कसा करावा? प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत. ही नेली तर वाहणार कोण? नाही नेली तर मागावी लागणार कोणाकडे? या कसोटीला लावले की बहुतेक वस्तू आपोआप इकडे किंवा तिकडे पडतात.

पादत्राण घ्या. कोणते महागडे घ्यावे यावर याद्यांत पुष्कळ लिहिलेले असते. खरी गोष्ट एवढीच की ते नवे नसावे. महिनाभर पायात घालून, रोज चालून नरम केलेली साधी चप्पल कोऱ्या बुटापेक्षा बरी. कोरा बूट जेजुरीच्या आधी टाचेला फोड आणतो, आणि पुढची वाट लंगडत जाते.

घोंगडी घ्या. परंपरा म्हणून ती हवीच असा काहींचा आग्रह असतो. हलकी सर घोंगडीवरून ओघळून जाते हे खरे; पण दिवसभराच्या पावसात ती भिजली की तिचे वजन म्हाताऱ्या खांद्याला पेलत नाही, आणि लवकर वाळतही नाही. प्लॅस्टिकचा मोठा कागद दिवसा डोक्यावरून पडशीसकट झाकतो आणि रात्री ओल्या जमिनीवर पथारीखाली येतो. घोंगडी प्रिय असेल तर गाडीत कोरडी ठेवावी.

औषध वारीच्या सगळ्या दिवसांना पुरून चार दिवस उरेल इतके, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अंगावर. त्यातच एक चिठ्ठी असावी : आपले नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, घरचा फोन, आजार आणि गोळ्यांची नावे. मोबाईल भिजतो, बंद पडतो. पिशवीवरही नाव आणि दिंडीचा क्रमांक शाईने लिहावा. समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याची पुकार होते. सापडलेल्या वस्तूवर नाव असले तर ती धन्याकडे परत जाते.

आणखी एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. या याद्या बहुधा पुरुषांनी केलेल्या असतात. वारीत हजारो माता-भगिनी तुळस डोक्यावर घेऊन चालतात, पण मासिक पाळीसाठी लागणारे कापड वा पॅड, आडोशासाठी जुने लुगडे, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी, यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. संकोचाने न लिहिल्यामुळे एखादी सून वारीतून अर्ध्यावर परत जाते. सूचनापत्रक छापण्याआधी ते दिंडीतल्या चार जाणत्या स्त्रियांना वाचायला द्यावे, अशी दिंडीप्रमुखांना माझी विनंती आहे.

वाटेत दानशूर मंडळी रेनकोट, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या वाटतात. फुकट मिळते म्हणून घेतलेले मुक्कामावर टाकून दिले, की ते उचलायला त्या गावचे लोक उरतात. पालखी पुढे जाते, गाव तेथेच राहते. गरज नसेल तर हात जोडून नको म्हणावे. देणाऱ्याचा त्यात अपमान होत नाही.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र वजनाचा हिशेब करू नये. अलीकडे ‘टाळ जड होतात’ म्हणून ते घरी ठेवणारे वारकरी दिसतात. अहो, काशाचे टाळ जड असतातच. पण गळ्यात टाळ नाही, मुखात नाम नाही, मग अडीचशे किलोमीटर चालून आपण केले काय? टाळासाठी जागा हवी असेल तर दुसरे काहीतरी काढावे. हरिपाठ पाठ करावा, म्हणजे पुस्तकही काढता येईल.

प्रस्थानाच्या आठ दिवस आधी सगळे सामान सतरंजीवर मांडा. वरचे दोन प्रश्न विचारा. मग पडशी खांद्याला लावून घरापासून गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन या. परत येताना खांदा काय सांगतो ते ऐका आणि त्याप्रमाणे दोन वस्तू काढा. उरले ते घेऊन निघा.

राम कृष्ण हरी.